नारोकला पंचवीस मिनिटं

पाणघोड्याला पोहता येत नाही, ही बातमी उल्हास कर्णिकांनी तोक्योतल्या निशी-कसाईच्या कुमिन काइकानमध्ये, म्हणजे वॉर्डाच्या भाड्याने मिळणाऱ्या सभागृहात, बूट दाराशी काढून चटयांवर बसलेल्या तीसेक मराठी माणसांना सांगितली. सांगताना त्यांनी असा काही आवाज लावला होता, की जणू पाणघोड्याने हे गुपित आजवर फक्त त्यांच्याच कानात सांगितलं होतं.

“फॅक्ट नंबर चार! हिप्पो पोहत नाही. तो नदीच्या तळावरून चालतो. चा-ल-तो!”

“काय सांगताय!” पुढच्या रांगेतून दिपाली म्हणाली. दिपाली आणि तिचा नवरा सौमित्र ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहत, आणि उल्हासरावांच्या प्रत्येक वाक्याला ती असंच काहीतरी म्हणे.

मागच्या भिंतीशी, सभागृहातल्या एकुलत्या एका खुर्चीवर, अरुणाबाई बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, आठवण मात्र धडधाकट. चालतो तर चालू दे की, त्या मनात म्हणाल्या. केनियातल्या नारोकच्या शाळेतल्या कामाऊ माळ्याने त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: पाणघोडा पाण्यात असला तर खुशाल बघत उभ्या राहा. तो चरायला बाहेर पडला आणि तुम्ही त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये आलात, तर मात्र देवाचं नाव घ्या. असलं उपयोगाचं काही उल्हासरावांच्या पडद्यावर नव्हतं. तिथे पाणघोड्याने काळा चष्मा घातला होता.

उल्हासरावांनी आफ्रिकेत पाऊलही टाकलेलं नव्हतं. मुंबईच्या एका बँकेने त्यांना चार वर्षांसाठी तोक्योत पाठवलं होतं. ऑफिसात ते ‘कर्णिक-सान’ होते आणि मराठी मंडळाच्या सहलींचे, कोणी न नेमलेले, कायमचे पुढारी होते. गेल्या वर्षी त्यांनी लोकांना होक्काइदोला नेऊन खेकड्यांविषयी सोळा फॅक्ट्स ऐकवल्या होत्या. यंदा केनियातलं मसाई मारा. त्यासाठी तीन आठवडे इंटरनेट चाळून त्यांनी एकवीस फॅक्ट्स जमवल्या होत्या, आणि आता त्या एकेक करून, पेढे वाटावेत तशा वाटत होते.

अरुणाबाईंना खरा राग आला होता तो पोटच्या मुलाचा. पुष्कर दुसऱ्या रांगेत बसून मान डोलवत होता. तरस हा भित्रा चोर नसून स्वतः शिकार करतो, बऱ्याचदा सिंहच त्याची शिकार पळवतो, या फॅक्ट नंबर सातला त्याने “वाव!” असा उद्गार काढला. हा पुष्कर जन्मला कुठे? नारोकच्या सरकारी दवाखान्यात, पंच्याहत्तर साली. रात्रभर तरस ओरडत होते आणि नर्स म्हणाली होती, मुलगा आहे, म्हणून पाहुणे आलेत. ही गोष्ट त्याला लहानपणी शंभरदा सांगून झाली होती. आता तोयोसुच्या बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या त्याला तरस कर्णिकांकडून नव्याने कळत होते.

पुष्करचे वडील प्रल्हादराव गणिताचे मास्तर. बार्शीच्या हायस्कुलात शिकवत होते, तिथून केनिया सरकारच्या करारावर एकोणसत्तर साली ते बोटीने मोम्बासाला उतरले, बरोबर बावीस वर्षांची अरुणा. नारोकला सात वर्षं काढली. शाळेमागे पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पाण्याची टाकी, आणि टाकीजवळ अरुणाबाईंनी बार्शीहून पुडीत बांधून नेलेल्या बियांचा कढीलिंब. मारा तिथून एका दिवसाच्या वाटेवर. शाळेला सुटी लागली की विज्ञानाच्या मास्तरांच्या लँडरोव्हरमधून सगळे जात. त्याला कोणी टूर म्हणत नसे. तिकडे कुठलाही प्रवास म्हणजे सफारीच; अरुणाबाई दात काढायला नाकुरूला गेल्या होत्या, तीसुद्धा सफारीच होती.

तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या मार्चच्या आरंभी तोक्योत आल्या, तेव्हापासून “आम्ही नारोकला असताना” हे वाक्य त्यांनी चारदा सुरू केलं होतं. एकदा भाताच्या कुकरने मध्येच गाणं म्हटलं, एकदा पुष्करचा फोन आला, एकदा लिफ्ट आली. चौथ्यांदा सून मैथिली म्हणाली, “आई, एक मिनिट हं, उद्या प्लास्टिकचा कचरा की काचेचा?” आणि त्या एका मिनिटाला आता दहा दिवस झाले होते.

“आणि आता,” उल्हासरावांनी हात चोळले, “ज्याच्यासाठी जग मारात जातं! फॅक्ट नंबर एकवीस. लाखो वाइल्डबीस्ट मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. आणि आपण ते बघणार आहोत.” पडद्यावर तारखा उमटल्या. “सत्तावीस एप्रिल ते सहा मे. अख्खा गोल्डन वीक. कोणालाही बॉसपुढे डोकं झुकवून एक दिवसाचीसुद्धा जास्त रजा मागायला नको!”

टाळ्या पडल्या. अरुणाबाईंना खोकल्याची उबळ आली. निदान शेजारच्या बाईंना तरी ती उबळ वाटली.

गोल्डन वीक! जपानातल्या सगळ्या कचेऱ्या एप्रिलच्या शेवटी एकदम बंद होतात, म्हणून आफ्रिकेतल्या जनावरांनी त्या आठवड्यात नदीवर हजर राहायचं! मार्च संपता संपता तिकडे मसिका लागतो, मोठा पाऊस, तो मेअखेर. माराची जमीन बार्शीकडच्या शेतांसारखीच काळी. उन्हात तिला पाय जाईल एवढ्या भेगा, आणि पाऊस पडला की तिचा लगदा. त्यात चाक गेलं की बैलजोडीनेही निघत नाही. आणि ज्यांच्यासाठी जग तिथे जातं, ते न्युंबू, उल्हासरावांचे वाइल्डबीस्ट, मे महिन्यात सीमेपलीकडे टांझानियात चरत असतात. नदीवर यायला त्यांना जुलै-ऑगस्ट उजाडतो. नारोकच्या शाळेतल्या पहिलीच्या पोराला हे ठाऊक होतं.

“आणि ऐका,” उल्हासराव म्हणत होते, “एजंटने आपल्याला स्पेशल रेट दिलाय. अख्खा कॅम्प आपला! दुसरं कुत्रं नाही तिथे.”

का नाही, ते विचारलंत का एजंटला, अरुणाबाई मनात म्हणाल्या. पण तोंड उघडलं नाही. का उघडावं? विचारलं कोणी? जाऊ दे चिखलात. एकवीस फॅक्ट्स अंथरा म्हणावं चाकाखाली.

घरी परतताना स्टेशनासमोरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पुष्कर दूध घ्यायला थांबला, तेव्हा मैथिली म्हणाली, “सभेला तीस आले, पण नावं आठच जणांनी दिलीत. एका जीपमध्ये एक सीट रिकामी आहे म्हणे. कर्णिक विचारत होते, कोणी आहे का.”

अरुणाबाई दाराशी काठी टेकून उभ्या होत्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटावं अशा आवाजात त्या म्हणाल्या, “मी आहे की.”

मग दोन दिवस घरात चर्चा झाली. आईचे गुडघे. जीपचे हादरे. आणि मुख्य म्हणजे पिवळ्या तापाची लस. केनियाहून भारतात परतणाऱ्याला त्या लशीचा दाखला लागतो, आणि साठीपुढच्या माणसाला ती टोचायला डॉक्टर सहसा तयार होत नाहीत. “म्हणजे संपलंच,” असं पुष्कर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडी सुटका होती, ती आईच्या कानांनी टिपली. त्या उठल्या. पासपोर्टच्या पाकिटातून त्यांनी एक पिवळं, कडा झिजलेलं कार्ड काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मुंबईत बोटीवर चढण्याआधी टोचलेल्या सुईचा शिक्का. एकोणसत्तर साल.

“अगं आई, हे पन्नास वर्षांपूर्वीचं आहे.”

“मग? मीपण पन्नास वर्षांपूर्वीचीच आहे.”

पुष्करने फोनवर शोधलं, पुन्हा शोधलं. पूर्वी तो दाखला दहा वर्षं चाले. आता नियम बदलला होता, एकदा टोचलं की जन्मभर चालतं. “तू हे इतकी वर्षं बरोबर घेऊन फिरतेस?” त्याने विचारलं.

“टाकून द्यायला कोणी सांगितलं नाही,” अरुणाबाई म्हणाल्या.

ठरलं. त्या सगळ्यांबरोबर नैरोबीला जाणार, सफारी करणार, आणि मेमध्ये तिथूनच परभारे मुंबईच्या विमानात बसणार. माराचा रस्ता नारोकवरूनच जातो. गाडी तिथे पेट्रोल भरायला थांबतेच. शाळा रस्त्याला लागून. टाकीजवळचा कढीलिंब असला तर असेल, नसला तर नसेल. एकदा जाऊन बघायचं, पान चुरगळून वास घ्यायचा. प्रल्हादराव गेले त्याला अकरा वर्षं झाली. जायच्या आधीच्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, “अरुणा, तो कढीलिंब अजून असेल का गं?” आणि त्या म्हणाल्या होत्या, “तुम्ही बरे व्हा, जाऊन बघून येऊ.”

कढीलिंबाला कसला आलाय सीझन. पावसात तर तो उलट छान दिसेल. अरुणाबाईंची जीभ आता दुहेरी कुलपात होती. आधी ती तिरस्काराने बंद होती. आता बंद ठेवण्यात फायदाही होता. तारीख ऑगस्टवर गेली तर त्या तेव्हा व्हिसा संपून पुण्यात आपल्या घरी असतील. शिवाय ऑगस्टमध्ये माराच्या कॅम्पात उभं राहायला जागा नसते. रिकामी सीट ही पावसाचीच कृपा, हे त्यांना कर्णिकांपेक्षा चांगलं कळत होतं. मे, तर मे. चिखलाने कोणाचं काय बिघडतं? उल्हासरावांचं बिघडेल. ते तर चांगलंच.

घोळ केला तो ज्ञानदाने.

ज्ञानदा ही नात, तेरा वर्षांची, जपानी शाळेत जाणारी. मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर जपानीत नाहीतर इंग्रजीत येई. आजीशी बोलताना मात्र ती शब्द शोधून शोधून मराठी वापरी. या मुलांच्या शाळेत सहल निघाली की आधी एक पुस्तिका करतात, तिला शिओरी म्हणतात. त्यात मिनिटामिनिटाचा कार्यक्रम, बरोबर घ्यायच्या वस्तू, पाळायचे नियम, मुखपृष्ठावर मुलांनी काढलेलं चित्र. उल्हासरावांना ही पद्धत फार आवडली होती. त्यांनी सफारीची शिओरी करायचं ठरवलं, कार्यक्रम स्वतः लिहिला आणि चित्रं ज्ञानदावर सोपवली.

ती आठ दिवस शाळेतून आली की टेबलाला चिकटून बसे. एका शनिवारी तिने मुखपृष्ठ आजीसमोर धरलं. नदी, मगरीचा जबडा, काठावरून झेपावलेली जनावरं, खुरांखाली उडालेली धूळ. एकेकाची आयाळ वेगळी काढलेली. पलीकडच्या काठावर एक मुलगी आणि काठी टेकलेली एक म्हातारी.

“हे नू,” ज्ञानदा म्हणाली. जपानीत वाइल्डबीस्टला नू म्हणतात. “ही मी. ही तू.”

“आणि हा कोण, मगरीच्या तोंडात?”

“कर्णिक काका,” ज्ञानदा म्हणाली आणि दोघी हसल्या.

आत कार्यक्रम होता. अरुणाबाईंनी चष्मा लावला. दोन मे, सकाळी सहा दहा, सिंह. सात पंचवीस, नाश्ता. आठ पाच, हत्ती. नऊ चाळीस, वाइल्डबीस्टचे नदी ओलांडणे. दहा वीस, स्वच्छतागृह. त्यांना वाटलं, लोकलगाड्यांचं वेळापत्रक चुकून जंगलात पडलं.

“आजी, तू खरंच पाहिलंस? ते उड्या मारतात?”

“पाहिलंय. तीनदा.”

“मी दुसरी इयत्ता होते, तेव्हा टीव्हीवर बघितलं. तेव्हापासून मला हेच बघायचं आहे. दुसरं काही नाही दिसलं तरी चालेल.” तिने पेन्सिल उचलली. “वस्तूंची यादी राहिली. तू बघितलंस तेव्हा कुठला महिना होता? थंडी होती?”

“स्वेटर लिही,” अरुणाबाई म्हणाल्या. “सगळ्यांना वाटतं आफ्रिका म्हणजे भट्टी. पहाटे हात गारठतात.”

ज्ञानदाने स्वेटर लिहिलं, आणि त्याखाली आजीसाठी म्हणून गुडघ्यांचे पट्टे लिहिले. महिना विचारला होता आणि तो आजीने सांगितला नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही. अरुणाबाईंच्या आलं. त्या मगरीच्या तोंडातल्या उल्हासरावांकडे बघत राहिल्या. आता हसू येत नव्हतं. चिखलात रुतलेल्या जीपमध्ये, सकाळी नऊ चाळीसला, घड्याळ बघत बसणारी कोण, ते त्यांना स्पष्ट दिसलं.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, कुमिन काइकानमध्ये पुन्हा सभा होती. शिओरीच्या, रातोरात कोंबिनीतल्या मशीनवर छापलेल्या, प्रती आल्या होत्या आणि बुधवारी विमानाची तिकिटं पक्की व्हायची होती. उल्हासराव खाकी जाकीट घालून आले होते, खिसे इतके की मोजता येऊ नयेत. त्यांनी एक नवीन फॅक्ट जोडली होती.

“फॅक्ट नंबर बावीस! हत्तींच्या कळपाचा प्रमुख कोण? नर? नाही! कळपातली सगळ्यात म्हातारी हत्तीण. दुष्काळात पाणी कुठे सापडेल, ते तिला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं आठवत असतं. ती चालेल तिकडे अख्खा कळप मुकाट्याने जातो. काय सुंदर आहे ना?”

“सो स्वीट!” दिपाली म्हणाली.

“सुंदरच आहे,” मागून आवाज आला. “उल्हासराव, एक विचारू का?”

तीस माना वळल्या. पुष्करने “आई…” असं अर्धवट म्हटलं.

“विचारा की काकू!”

“दोन मेला नऊ चाळीसला वाइल्डबीस्ट नदी ओलांडणार, असं लिहिलंय. त्यांना कळवलंय का?”

हशा पिकला. उल्हासरावही मोठ्या मनाने हसले. “काकू, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होणारच. जनावरं आहेत, जपानी ट्रेन नव्हे.”

“पाच-दहा मिनिटं नाही, दोन-तीन महिने. मेमध्ये ती तिथे नसतातच. टांझानियात असतात. जुलैच्या आधी माराला येत नाहीत. आणि मेमध्ये तिथे काय असतं, तर पाऊस. म्हणून तर तुमचा कॅम्प रिकामा आहे. बाकीच्या जगाला कळलंय, आपल्यालाच कळलेलं नाही.”

उल्हासरावांचा चेहरा जरा पडला, पण ते बँकेत मुरलेले. “काकू, तुम्ही तिकडे होतात, त्याला किती वर्षं झाली? पन्नास? क्लायमेट चेंज झालाय हो. आणि रस्ता आता थेट गेटपर्यंत डांबरी आहे.”

“गेटपर्यंत,” अरुणाबाई म्हणाल्या. “सिंह गेटवर हजेरी लावायला येतो का?”

पुन्हा हशा झाला, या वेळी जरा वेगळा. अरुणाबाई काठी धरून उभ्या राहिल्या. इतक्या लोकांसमोर त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

“चौऱ्याहत्तर साली नैरोबीहून एक शाळा-तपासनीस आले होते. साहेबांना ईस्टरची सुट्टी होती, म्हणून सिंह ईस्टरलाच बघायचा होता. आमच्या ह्यांनी सांगितलं, साहेब, मसिका लागलाय, ऑगस्टात या. ते म्हणाले, ऑगस्टात मला रजा नाही. गेलो. गेटपासून चार मैलांवर लँडरोव्हर जी रुतली, ती तिसऱ्या दिवशी दुपारी निघाली. तोवर आम्ही पाच माणसं माझ्या दशम्यांवर होतो. साहेबांनी तीन दिवसांत एक जनावर पाहिलं, तेही गोगलगाय, गाडीच्या काचेवर. नैरोबीला जाऊन त्यांनी अहवाल लिहिला, की नारोकच्या शाळेत शिस्त नाही.” त्या थांबल्या. “तुमची पुस्तिका बघितली आणि मला तेच साहेब आठवले. त्यांच्या जाकिटालाही इतकेच खिसे होते.”

आता कोणी हसलं नाही, कारण हसावं की नाही हे ठरेना. उल्हासराव म्हणाले, “काकू, अनुभव तुमचा आहेच, आदर आहे, पण असं एका ऐकीव…”

“ऐकीव?” अरुणाबाईंनी एवढंच म्हटलं.

तेवढ्यात ज्ञानदा उठली. तिच्या हातात फोन होता, कान लाल झाले होते. तिने आधी जपानीत भराभरा काहीतरी वाचलं, मग मराठीत अडखळत म्हणाली, “आजी बरोबर आहे. इथे लिहिलंय. सातव्या महिन्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत. मे म्हणजे पाऊस. तीन साइटवर लिहिलंय.”

मग काय, तीस फोन बाहेर आले. पाच मिनिटांत सगळ्यांना ते पटलं. पन्नास वर्षांपूर्वी चिखलात तीन दिवस काढलेली बाई समोर उभी होती, तिच्यावर विश्वास नव्हता. फोनने सांगितलं, म्हणून खरं झालं. अरुणाबाई खाली बसल्या.

“ओबोनला जाऊ!” सौमित्र म्हणाला. ऑगस्टच्या मध्यावर पितरांच्या सणाची सुटी असते, तेव्हाही कचेऱ्या बंद. सगळ्यांना ते एकदम सुचल्यासारखं झालं. उल्हासराव बाहेर व्हरांड्यात जाऊन एजंटशी बोलले आणि दहा मिनिटांनी परतले, तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा टवटवीत होता.

“मी ओबोनचा बॅकअप ऑप्शन डोक्यात ठेवलाच होता,” ते म्हणाले. “फक्त एक आहे. ऑगस्ट म्हणजे पीक. कॅम्पात आता फक्त आठ जागा आहेत. आम्ही तिघं, पुष्करकडचे तिघं, दिपाली-सौमित्र. बरोब्बर आठ! नशीब बघा.”

सभागृहात कोणीतरी टाळी वाजवली. मैथिलीने वळून सासूकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

घरी जाताना पुष्कर मुद्दाम मागे राहिला, आईच्या चालीने चालू लागला. ट्रेनच्या पुलाखाली त्याने विषय काढला.

“आई, तुझी सीट गेली.”

“आठात नऊ बसत नाहीत. तुझे वडील गणित शिकवायचे.”

“तुला आधीच माहीत होतं? असंच होणार म्हणून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोललीस कशाला? मेमध्ये मजेत आली असतीस. आम्हाला काही कळलंही नसतं.”

“तुम्हाला कधी काय कळलंय,” अरुणाबाई म्हणाल्या. “पोरीला नदी बघायची आहे. चिखल तिला इथल्या सुमिदा नदीच्या काठालाही मिळेल.”

पुष्कर म्हणाला, “पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ. नक्की.”

“हो,” त्या म्हणाल्या. अशी ‘नक्की’ त्यांच्याकडे बरीच साठली होती, पाकिटातल्या पिवळ्या कार्डाशेजारी. त्यांनी त्याचा दंड धरला, कारण पुढे फुटपाथला चढ होता.

नवी शिओरी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तयार झाली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: फॅक्ट नंबर एक. एप्रिल-मे टाळा! मसिका, म्हणजे मोठा पाऊस. संशोधन: उल्हास कर्णिक. अरुणाबाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मसिका हा शब्द त्यांच्या तोंडून सभेत एकदाच निघाला होता. माणसाचे कान चांगले आहेत, एवढं त्यांनी मान्य केलं.

“आजी, ते नको वाचू,” ज्ञानदा म्हणाली. “चौथं पान बघ. हे मी लिहिलं. काकांना नको होतं. ते म्हणाले, शेड्यूल टाइट आहे. मी म्हटलं, मग माझी सगळी चित्रं काढून घेते.”

चौथ्या पानावर तेरा ऑगस्टचा प्रवास होता. नैरोबी, मग दरीवरून दिसणारा देखावा, आणि त्याखाली: सकाळी अकरा पाच, नारोक. शाळेमागचं आजीचं घर. पाण्याची टाकी शोधणे. टाकीजवळ कढीलिंबाचं झाड शोधणे. पान घेणे. फोटो. पंचवीस मिनिटं. बाजूला चित्रही होतं, पत्र्याचं घर आणि झाड. आजीने तिला मधल्या दिवसांत बोलता बोलता सांगितलं होतं. निदान त्या वेळी कुकर वाजला नव्हता. झाड मात्र आंब्यासारखं काढलं होतं. या मुलीने कढीलिंब फक्त इंडियन दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत पाहिला होता.

अरुणाबाई बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसल्या. सात वर्षं. एक बाळंतपण, दोन दुष्काळ, तीनदा नदी. पंचवीस मिनिटं.

“पेन्सिल आण,” त्या म्हणाल्या.

“का?”

“कढीलिंबाची पानं अशी नसतात. एका काडीला दोन्हीकडून, लहान लहान, टोकदार. बैस इथे, दाखवते. आणि टाकी घराच्या उजवीकडे काढलीस, ती डावीकडे होती. चुकीच्या बाजूला शोधत बसाल आणि तेवढ्यात तो कर्णिक शिट्टी फुंकेल.”

ज्ञानदा खोडरबर घेऊन आली. टाकी डावीकडे गेली, झाड बारीक झालं. अरुणाबाईंनी पेन्सिल आपल्या हातात घेतली, पंचवीस हा आकडा खोडला आणि त्यावर ठसठशीत चाळीस लिहिलं.

“काका ओरडतील,” ज्ञानदा म्हणाली.

“ओरडू दे. कमी कुठून करायचं ते मी सांगते.” त्यांनी पानं उलटली, चष्मा सारखा केला आणि बोट टेकवलं. “इथे बघ. कॅम्पवर पोचल्यावर, कर्णिकांचं स्वागतपर भाषण. पंधरा मिनिटं.”